हिस्टामाइन सोसत नाही, म्हणून आणखी काय सोडू?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. वय ३४. गेले ८ महिने जेवणानंतर कधी चेहरा लाल होऊन तापतो, कधी अंगाला खाज सुटते, पोट फुगतं, कधी डोकं इतकं ठणकतं की आयबुप्रोफेन घ्यावी लागते. रक्तातलं डीएओ, म्हणजे हिस्टामाइनचा निकाल लावणारं एन्झाइम, तपासलं, ते कमी आलं. मग हिस्टामाइन टाळायच्या मिळतील त्या याद्या वाचून एकेक पदार्थ बंद करत गेलात. आज ताटात फक्त ९ पदार्थ उरलेत, वजन ६ किलोंनी उतरलंय. त्रास कमी झालाय, पण थांबलेला नाही. तुम्ही विचारताय : आता आणखी काय सोडू, आणि डीएओच्या कॅप्सूल सुरू करू का?

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली १७ वर्षं अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसोबत काम करते. माझ्यासमोर बसणाऱ्या कित्येकांची गोष्ट जवळपास अशीच असते, म्हणून पहिलं उत्तर लगेच देते : आणखी काहीही सोडू नका. ९ पदार्थांवर येऊनही त्रास होत असेल, तर शोध चुकीच्या वाटेने चाललाय का हे बघायची वेळ आली आहे. खरे प्रश्न दोन आहेत. हा त्रास हिस्टामाइनचाच आहे हे कशावरून ठरलं? आणि सोडलेलं अन्न परत कसं आणायचं? मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या तपासण्यांवर, औषधांवर नि पाळीच्या चक्रावर अवलंबून राहतील. जिथे तसं आहे तिथे मी तसं सांगेन.

आधी हिस्टामाइनविषयी, कारण त्याच्याबद्दलची भीती थोडी उतरायला हवी. घशाशी आंबट आलं की आपण म्हणतो 'पित्त झालं', आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी म्हणतो 'पित्त उठलं'. या दोन्ही पित्तांमागे हिस्टामाइनचा हात असतो. जठरात आम्ल सुटायला ते सांगतं. त्वचेतल्या मास्ट नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींनी ते सोडलं की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि गांधी उठते. ते ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) शरीरात चार प्रकारचे असतात, एच-१ ते एच-४. जठरातल्या कामाला एच-२, खाजेला मुख्यतः एच-१. म्हणून आम्लपित्ताची फॅमोटिडिन वेगळी आणि खाजेची सेटिरिझिन वेगळी. मेंदूत हेच हिस्टामाइन आपल्याला जागं ठेवतं. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती त्यामुळेच. थोडक्यात, हे शरीराचं रोजच्या कामाचं रसायन आहे. ते शून्यावर आणणं शक्य नाही आणि तशी गरजही नाही.

अन्नातलं हिस्टामाइन मात्र बहुतांशी जिवाणूंनी बनवलेलं असतं. प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं, जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. म्हणून ते मुरवलेल्या चीजमध्ये, वाळवून मुरवलेल्या सॉसेजमध्ये, आंबवलेल्या पदार्थांत, वाइनमध्ये आणि नीट न ठेवलेल्या माशांत सापडतं. भाज्यांपैकी पालक, टोमॅटो आणि वांगं यांत ते नजरेत भरेल इतकं असू शकतं.

हे पोटात गेलं की लहान आतड्याच्या अस्तरातलं डीएओ हे एन्झाइम त्याचा तिथेच निकाल लावतं. जे निसटून आत जातं त्याच्यासाठी पेशींमध्ये एचएनएमटी नावाचं दुसरं एन्झाइम असतं, यकृतात ते भरपूर असतं. काही जणांत हे पहिलं काम मंद चालतं, अशी हिस्टामाइन न सोसण्यामागची कल्पना आहे. मोरीतून पाणी हळू जात असेल, तर एक तांब्या ओतला तरी काही कळत नाही. एकामागून एक चार बादल्या ओतल्या की पाणी वर येतं. या त्रासाचंही तसंच आहे. खऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीत कणभर पदार्थही पुरतो आणि तो बहुधा दर वेळी नडतो. इथे सगळा खेळ एकूण मात्रेचा असतो. सोमवारी चाललेला टोमॅटो शुक्रवारी चालत नाही, आणि माणूस बुचकळ्यात पडून टोमॅटोही सोडतो नि त्या दिवशी सोबत खाल्लेलं सगळंच सोडतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. रक्तातलं डीएओ कमी आलं म्हणून निदान पक्कं झालं, असं समजू नका. रक्तातल्या आकड्यावरून आतड्याच्या अस्तरात ते किती काम करतंय हे कळत नाही. काही त्रास नसलेल्या माणसांतही तो कमी येतो, आणि त्रास असलेल्यांत चांगला येतो. पाळीच्या चक्रातही तो बदलतो. गर्भारपणात तर वार (प्लासेंटा) स्वतः डीएओ बनवते आणि रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. जर्मन भाषक देशांतल्या अ‍ॅलर्जी-तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही या एका तपासणीवर निदान ठेवू नये असंच म्हटलंय. मला ती तपासणी सुचवावीशी वाटत नाही, कारण तो आकडा मनात घर करून बसतो.

ही संकल्पना स्वतःच अजून वादात आहे, हेही सांगायला हवं. ७५ मिलिग्रॅम हिस्टामाइन तोंडाने दिलं तेव्हा १० निरोगी स्त्रियांपैकी ५ जणींना त्रास झाला होता. म्हणजे भरपूर मात्रा कोणालाही नडू शकते. उलट, हिस्टामाइन सोसत नाही असं वाटणाऱ्यांना काय दिलंय हे न सांगता ते पुन्हा पुन्हा दिलं, तर दर वेळी तीच लक्षणं येतील असंही नाही. तुमचा त्रास खोटा आहे असा याचा अर्थ कोणीही लावू नये. चेहरा तापतो तो तापतोच. फक्त त्याचं कारण सांगणारी एकच खात्रीची चाचणी आज नाही. म्हणून हे निदान बाकीची कारणं बाजूला करत, आणि आहार काटेकोरपणे बदलून नि परत आणून, असंच करावं लागतं.

ती बाकीची कारणं कोणती, यावर जरा रेंगाळते, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. पोट फुगणं, थकवा, अंगावर खाज. हिस्टामाइनच्या यादीसोबत त्यांनी गहूही स्वतःच बंद केला होता आणि बरं वाटत होतं. सीलिअॅकची, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी केली, ती स्वच्छ आली, आणि आम्ही तो विषय मिटवला. ती माझी चूक होती. ही तपासणी खरी ठरायला गहू पोटात जात असावा लागतो, साधारण ६ आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत. पुढे वजन उतरतच राहिलं, तेव्हा त्यांना पुन्हा गहू सुरू करायला सांगावं लागलं. त्या ६ आठवड्यांत त्या मला दोनदा फोन करून रडल्या. निदान सीलिअॅकचंच निघालं. आणि गंमत नव्हे, शास्त्र असं की सीलिअॅकमध्ये आतड्याचं अस्तर झिजतं, डीएओ त्याच अस्तरात असतं, त्यामुळे त्यांना हिस्टामाइनचाही त्रास होत असणं शक्य होतं. मूळ मात्र गव्हात होतं. तुमच्या ९ पदार्थांत गहू नाही. म्हणून हे पहिलं विचारा : गहू सोडण्याआधी तुमची सीलिअॅकची तपासणी झाली होती का?

दुसरं, वरचेवर उठणाऱ्या गांधी. ६ आठवड्यांपेक्षा जास्त काळ अंगावर पित्त उठत असेल, तर बहुतेकदा ते शरीराच्या आतूनच सुरू झालेलं असतं, जेवणाशी त्याचा संबंध नसतो. आपण मात्र दिवसातून चार वेळा खातो, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या खाण्यानंतरच ते उठलेलं दिसतं. अशा लोकांत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामकांनी गांधी वाढतात. तुम्ही डोकेदुखीवर हीच गोळी घेता. खाज गोळीच्या आधी सुरू होते की नंतर, हे कृपया नीट बघा.

फक्त चेहराच लाल होत असेल आणि गरम पेय, ऊन, मद्य यांनीही होत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना रोझेशिया (चेहरा वरचेवर लाल होण्याचा त्वचाविकार) आहे का विचारा. डोकेदुखी अर्धशिशीची असू शकते. नुसतं पोट फुगत असेल तर दुधातली साखर न पचणं हे कितीतरी जास्त सापडणारं कारण आहे. आणि झटके जोराचे असतील, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर मास्ट पेशींचा विकार वगळण्यासाठी डॉक्टर रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे त्या पेशींतून सुटणारं एन्झाइम, तपासतात. शक्य असेल तर झटका आल्यापासून ४ तासांच्या आत एकदा आणि बरं असताना एकदा. शेकडो पदार्थांचं 'आयजीजी' पॅनेल कोणी सुचवलं तर नको म्हणा. आयजीजी ही रक्तातली प्रतिपिंडं तो पदार्थ तुम्ही खात आलात याची खूण असतात, तो सोसत नाही याची नव्हे.

टोचून करायची अ‍ॅलर्जी चाचणी मात्र करून घ्यावी, विशेषतः मासे, अंडी, दूध, कवचाची फळं यांबद्दल शंका असेल तर. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एक थेंब आणि बारीक टोचणी. त्यातला एक थेंब खुद्द हिस्टामाइनच्या द्रावणाचा असतो. १०-१५ मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी फुगी येते. ती सगळ्यांनाच येते, यायलाच हवी. नाही आली, तर अ‍ॅलर्जीची गोळी अंगात आहे असं समजून चाचणी रद्द होते. ही गोळी त्यामुळे साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. ती फुगी बघून पुष्कळ पेशंट हळवे होतात. ज्याला इतके महिने घाबरले, ते नखाएवढ्या जागेत येतं नि तासाभरात मावळतं.

औषधांची यादीही डॉक्टरांसमोर ठेवा. क्लॅव्ह्युलानिक आम्ल असलेली प्रतिजैविकं, व्हेरापामिल, क्लोरोक्विन, आयसोनियाझिड, मेटोक्लोप्रामाइड, सिमेटिडिन ही डीएओला अडवू शकतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. मनाने यातलं काहीही बंद करू नका. फक्त त्रास सुरू झाला त्याच सुमारास यातलं काही सुरू झालं होतं का, एवढं आठवा.

हे सगळं झालं, काहीच सापडलं नाही, मग हिस्टामाइनचा विचार करायचा. आणि तो करताना यादीपेक्षा ताजेपणाकडे बघायचं. निरनिराळ्या याद्या शेजारी ठेवल्या तर आंबवलेले पदार्थ सोडून त्यांचं एकमत क्वचितच दिसतं. एकीत केळं चालतं, दुसरीत नाही. अमुक फळ 'शरीरातलं हिस्टामाइन मोकळं करतं' म्हणून जी नावं दिलेली असतात त्यांचा पुरावा तोकडा आहे. एकाच नावाच्या चीजच्या दोन तुकड्यांतही हिस्टामाइन कमालीचं वेगवेगळं असतं, कारण ते किती मुरलं नि कसं ठेवलं यावर ते ठरतं.

एका शिक्षिकेची वही माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. चिकनपुढे त्यांनी लाल पेनाने मोठी फुली मारली होती. मागची पानं उलटली तर रविवारी दुपारी चिकन, शेरा : काही नाही. मंगळवारी डब्यात चिकन, शेरा : अर्ध्या तासात कान गरम, डोकं. त्याच्या मागच्या आठवड्यातही तसंच. चिकन तेच होतं, मधले दोन दिवस ते मोठ्या पातेल्यात फ्रिजमध्ये होतं, रोज बाहेर काढून गरम करून परत आत. आम्ही चिकन बंद केलं नाही. शिजल्यावर लगेच एकेका वेळचे छोटे डबे भरून फ्रीझरमध्ये टाकायचे आणि खायच्या दिवशी काढायचे, एवढाच बदल केला. लाल फुली खोडली गेली. गोठवल्याने जिवाणूंचं काम थांबतं, झालेलं हिस्टामाइन मात्र जात नाही, म्हणून वेळेवर गोठवणं महत्त्वाचं. शिजवून, तळून, डबाबंद करूनही ते जात नाही, ते उष्णतेला दाद देत नाही. शिळ्याची ही काळजी मुख्यतः मांस आणि मासे यांच्यासाठी आहे. प्रथिनं कमी असलेल्या शिळ्या अन्नाबद्दल या कारणासाठी एवढं घाबरायला नको.

माशांबद्दल एक वेगळी गोष्ट. ट्यूना, बांगडा, तारली या माशांत हिस्टिडिन भरपूर असतं. पकडल्यानंतर ते थंड ठेवले नाहीत तर हिस्टामाइन इतकं वाढतं की निरोगी माणसालाही काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होणं, डोकेदुखी, तोंडात तिखटसर चव, जुलाब असा त्रास होतो. ही विषबाधा आहे. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत माशासाठी किलोला २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती याचसाठी. पंगतीतले सगळेच लाल झाले असतील तर दोष माशाचा, तुमच्या आतड्याचा नव्हे.

आहाराची चाचणी मी अशी करते. पहिले १० ते १४ दिवस मुरवलेलं, आंबवलेलं, डबाबंद मासे, शिळं मांस, मद्य, पालक, टोमॅटो, वांगं बंद. बाकी सगळं ताजं आणि पोटभर. रोज तीन ओळी लिहायच्या : काय खाल्लं नि ते किती ताजं होतं, काय झालं नि किती मिनिटांनी, आणि झोप, पाळीचा दिवस, गोळ्या. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर हिस्टामाइनचा नाद सोडायचा. हे वाक्य मी पेशंटकडून आधीच कबूल करून घेते, कारण नंतर ते फार जड जातं. फरक पडला तर पुढच्या ६ आठवड्यांत एकेक पदार्थ परत आणायचा. त्यानंतर जे उरतं तो तुमचा कायमचा आहार, आणि तो बहुतेकांचा बराच मोठा असतो.

तुम्ही पहिल्या टप्प्यातच अडकून पडला आहात. इतके दिवस थोडक्यावर राहिलं की पोट नवीन अन्नाला कुरकुरतं, मन प्रत्येक घासाकडे संशयाने बघतं, आणि छाती धडधडणं, चेहरा तापणं हे भीतीनेही होतं. ती भीती मला क्षुल्लक वाटत नाही. तिच्यावर औषध म्हणजे लहान मात्रेत, ठरवून, यशस्वी झालेले घास.

कॅप्सूलबद्दल. बहुतेक डीएओ कॅप्सूल डुकराच्या मूत्रपिंडापासून बनवतात, काही वाटाण्याच्या कोंबांपासून. शाकाहारी असाल किंवा हे चालत नसेल तर पाकीट वाचून घ्या. जेवणाआधी साधारण १५ मिनिटं घ्यायची असते, ती आतड्यातल्या अन्नावरच काम करते, शरीराने स्वतः सोडलेल्या हिस्टामाइनवर नाही. तिच्यावरचे अभ्यास छोटे आहेत, काहींना थोडा आराम पडलेला दिसतो. आहाराची चाचणी चालू असताना मी ती देत नाही, कारण मग कशाने बरं वाटलं ते कळत नाही. नंतर कधी बाहेर जेवायचं असेल तेव्हा ठेवायला हरकत नाही. सेटिरिझिनसारखी गोळीही हिस्टामाइन कमी करत नाही, त्याचा परिणाम अडवते. ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

कधीही ओठ, जीभ, घसा सुजला, श्वास घेताना घरघर झाली, किंवा पित्त उठून चक्कर आली, तर वही आणि यादी बाजूला ठेवून थेट आपत्कालीन विभागात जा. त्याला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, गोळीने भागत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा धरेन. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि ६ किलो वजन उतरलंय हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. गव्हाचं आणि सीलिअॅकच्या तपासणीचं त्यांच्याशी बोलूनच ठरवा. ताजं दूध आणि अंडी तुम्ही केवळ कुठल्यातरी यादीत नावं होती म्हणून सोडलीत. त्यांत हिस्टामाइन जेमतेम असतं. त्यांची अ‍ॅलर्जी नाही हे डॉक्टरांकडून कळलं की ती आधी परत आणा. वजन त्यांनीच सावरायला लागेल.

मग टोमॅटो, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त आठवण येते असं लिहिलंत. झोप नीट झालेला दिवस निवडा, पाळीच्या आदल्या दिवसांतला नको. दुपारच्या नेहमीच्या जेवणासोबत ताज्या टोमॅटोची एक फोड, त्या दिवशी दुसरं नवीन काही नाही. दोन दिवस काही झालं नाही तर अर्धा टोमॅटो. आणखी दोन दिवसांनी पूर्ण. अर्ध्यावर चेहरा तापला, तर वहीत फुली मारू नका. 'अर्धा' एवढंच लिहा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एका फोडीपासून सुरू करा.